जिद्दीचा दुसरा पक्ष : ‘झोंबी’ आणि मराठीतील कुमारवयाची कादंबरी

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीच्या औरंगाबादहून) जालन्याकडे निघाले की वाटेत करमाड लागते. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, शेताची व चुलीची भाषा मराठी, आणि बाजारात दोहोंची सरमिसळ. अशा प्रदेशात एकच शब्द दोन घरांत दोन स्वभाव घेऊन नांदतो. ‘जिद्द’ हा तसा शब्द आहे. उर्दू बोलणाऱ्या घरात जिद करणारे पोर म्हणजे आडमुठे, समजूत घातली तरी न ऐकणारे पोर. मराठी घरात जिद्द असलेला मुलगा हा पाठ थोपटण्याजोगा मुलगा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ विरोध, विरुद्ध असणे. विरोध म्हटला की समोर कोणीतरी हवा. मराठीने शब्द घेतला, त्याचा गौरव केला आणि समोरच्याला हळूहळू दिसेनासे केले. ‘जिद्दीला पेटणे’ या वाक्प्रचारात जुन्या अर्थाची धग थोडी शिल्लक आहे. ‘जिद्द आणि चिकाटी’ या शालेय जोडशब्दात ती उरलेली नाही.

शब्दाच्या या प्रवासाचा साहित्याच्या इतिहासाशी संबंध आहे. मराठीत कुमारवयातील मुलाच्या हट्टाची, ध्यासाची, वेडाची कादंबरी कशी घडली, आणि ती कुमारांच्या हाती का पडली नाही, या प्रश्नाचा शोध घेताना आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीपाशी थांबावे लागते. ती कुमारांसाठी म्हणून लिहिलेली नाही. परंतु कुमारवयातील जिद्दीला तिचा विरोधी पक्ष जशास तसा परत देणारी कृती म्हणून मराठीत तिचे स्थान वेगळे आहे.

तिच्या आधीची परंपरा थोडक्यात पाहावी. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. श्याम हट्टी आहे, रुसणारा आहे, भित्राही आहे. मात्र त्याचा हट्ट ही कथनाची प्रेरणा नसून कथनाने विरघळवायची वस्तू आहे. प्रत्येक रात्रीच्या कथेत मुलाच्या मनातला एखादा ताठर कण आईच्या शब्दाने किंवा क्वचित मारानेही मऊ होतो. मुलाने स्वतःची इच्छा आईविरुद्ध शेवटपर्यंत धरून ठेवली आणि ती बरोबर ठरली, असा प्रसंग त्या रचनेत बसणे अवघड होते. ‘धडपडणारी मुले’ या शीर्षकात धडपडीला मान मिळाला, पण ती धडपड राष्ट्रकार्याला वाहिलेली होती. व्यक्तीचा खासगी ध्यास तेथेही संशयास्पदच राहिला. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ने मध्यमवर्गीय घराला एक खेळकर, स्वच्छ मनाचा मुलगा दिला. त्याच्यापुढे पेच येतात आणि सुटतात.

भा. रा. भागवतांचे प्रकरण अधिक रंजक आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवरून पुणे पालथे घालणारा फास्टर फेणे, ही मराठी कुमारसाहित्यातील सर्वांत चपळ निर्मिती. फेणेला कुतूहल आहे, धाडस आहे, न्यायबुद्धी आहे. त्याला ध्यास मात्र नाही. एक प्रकरण संपले की तो दुसऱ्याला मोकळा होतो, आणि पुस्तकमालेच्या नायकाला तसे मोकळे राहावेच लागते. गंमत अशी की याच भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणून मराठी मुलांना झपाटलेल्या माणसांची ओळख करून दिली. एका कल्पनेपायी जगाशी संबंध तोडणारा पाणबुडीतला कप्तान नेमो कुमार वाचकाला भेटला तो भागवतांमुळे. म्हणजे झपाटलेपण मराठी मुलांच्या वाचनात आले, पण ते परक्या देशातल्या प्रौढ पुरुषांचे. आपल्या वयाच्या, आपल्या गावच्या मुलालाही असे काही होऊ शकते, ही शक्यता त्या वाचनाने उघडी केली नाही.

इतरत्र या वयाच्या वाचकासाठी वेगळा वाङ्मयविभाग याच काळात आकार घेत होता. रॉबर्ट कॉर्मिए यांची ‘द चॉकलेट वॉर’ (१९७४) ही अमेरिकन कादंबरी त्यातले ठळक उदाहरण. जेरी रेनॉ हा मुलगा शाळेच्या निधीसाठी चॉकलेट विकण्यास नकार देतो. सुरुवातीला हा नकार शाळेतल्या गुप्त टोळीच्या हुकमाने असतो. हुकमाची मुदत संपल्यावरही तो नकार चालू ठेवतो आणि त्या क्षणी तो नकार त्याचा स्वतःचा होतो. अखेरीस त्याला जबर मार बसतो आणि नकाराची काही किंमत होती का, याचीच त्याला शंका येते. असा शेवट मुलांपुढे ठेवावा का, यावरून प्रकाशकांनीही खळखळ केली होती. तुलनेचा मुद्दा एवढाच की तेथे जिद्दीचा पराभव मुलांच्या नावाने छापला गेला. मराठीत तो अनुभव छापला गेला, पण प्रौढांच्या नावाने.

मराठीत हे झाले ते आत्मकथनांच्या लाटेत. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या पुस्तकांचा मोठा भाग दहा ते अठरा या वयाचा आहे. शाळा गाठणे, शाळेत टिकणे, परीक्षेची फी कोठून आणायची, वसतिगृहात जागा मिळेल का, हे त्यांतले खरे घटनाप्रसंग. समीक्षेने त्यांची चर्चा जात, व्यवस्था, अस्मिता आणि भाषा या अंगांनी केली, आणि ती आवश्यकच होती. वयाच्या अंगाने ती जवळजवळ झाली नाही. बाराव्या वर्षी माणूस जो हट्ट धरतो त्याची जात तिसाव्या वर्षीच्या निर्धाराहून वेगळी असते, या साध्या गोष्टीकडे प्रकारनामांच्या वादात दुर्लक्ष झाले.

‘झोंबी’ याच काळातली. तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ अशी तिची पुढची पुस्तके आली. कथानकाचे स्थळ कोल्हापूर जिल्ह्यातील कागल. या स्थळामागे एक ऐतिहासिक विसंगती आहे. कागलच्याच घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर गेलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूदही त्यात होती. यादवांचा जन्म १९३५ चा. म्हणजे त्या निर्णयानंतर तीन दशके उलटत असताना त्याच कागलात एका मुलाला पाचवीच्या वर्गात परत बसण्यासाठी आईशी संगनमत करून कट रचावा लागतो. कायदा बापाला दंड करू शकत होता, पण उसाला पाणी पाजणारे दोन हात तो बापाला भरून देऊ शकत नव्हता. कादंबरीतला झगडा या दोन हातांवरून आहे.

बापाची, म्हणजे दादाची, बाजू यादवांनी ज्या तपशिलाने उभी केली आहे तो पाहण्यासारखा आहे. दिवाळी सरते, आणि गावात सर्वांच्या आधी दादाचे गुऱ्हाळ लागते. इतर शेतकरी ऊस उभा ठेवतात, कारण थांबल्याने रस दाटतो आणि गूळ जास्त उतरतो. दादाला थांबायचे नसते. सुरुवातीला बाजारात गूळ कमी, म्हणून भाव बरा. आपला गूळ पहिला पोहोचला पाहिजे, हा त्याचा हेका. हा शेतीतला केवळ एक हिशेब म्हणून वाचला तर तपशील वाया जातो. जो माणूस उसाला पुरते वाढू देत नाही, तो पोराला तरी कसा वाढू देईल? कादंबरी हे वाक्य उच्चारत नाही, पण गुऱ्हाळाचा प्रसंग आणि शाळेचा प्रसंग एकापाठोपाठ ठेवून वाचकाला तेथे आणून सोडते. शिवाय दादा स्वतः राबत नाही. त्याचा दिवस गावात आणि रखमाबाईच्या घरी जातो. स्वतःचे मोकळेपण टिकवण्यासाठी त्याला मुलगा शेतात हवा. बापाची जिद्द अशी स्वार्थाने भरलेली आहे. तरीही ती जिद्दच आहे, आणि मुलाच्या जिद्दीइतकीच चिवट आहे.

मुलाच्या जिद्दीचे पहिले रूपही फारसे उदात्त नाही. शेतात जन्म घालवला तरी हाती काही लागणार नाही, शिकलो तर नोकरी मिळेल, चार पैसे साठले तर एखादा धंदा करता येईल, असे गणित तो मांडतो. विद्येवरचे प्रेम, ज्ञानाची तहान वगैरे भाषा येथे नाही. पुढे आई आणि मुलगा रात्री दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जातात. गावातल्या त्या वजनदार माणसाने दादाला दटावावे, आणि आपण आलो होतो हे मात्र त्याला कळू देऊ नये, असा बेत ठरतो. आई भाजी द्यायला गेले होते असे सांगते. मुलगा थोड्या वेळाने जेवायला बोलावण्याच्या निमित्ताने तेथे पोहोचतो आणि जणू आपल्याला काहीच ठाऊक नाही अशा चेहऱ्याने प्रश्नांची उत्तरे देतो. नैतिक कुमारकथेच्या चौकटीत हे सारे खोटे बोलणे ठरले असते, आणि ‘श्यामची आई’च्या परंपरेत त्यावर एक अख्खी रात्र खर्च झाली असती. येथे आईच खोट्याची भागीदार आहे. खोटे बोलल्याशिवाय शाळा मिळत नाही, एवढेच कादंबरी नोंदवते.

या कटात आईचा वाटा किती, याची दखल समीक्षेने पुरेशी घेतली आहे असे वाटत नाही. नवऱ्यापुढे आपले काही चालत नाही हे ती जाणून आहे. म्हणून ती गावातली दुसरी सत्ता शोधते आणि पहिलीवर सोडते. निवेदक मुलगा असल्यामुळे जिद्दीचे श्रेय मुलाकडे जाते. बेत तडीस नेताना जिच्या पाठीवर मार बसण्याची शक्यता सर्वांत अधिक ती बाई मात्र वाचकाच्या स्मरणात साहाय्यक म्हणून उरते. मराठीत बाईच्या निर्धाराला ‘हट्ट’ म्हणण्याचीच सवय अधिक आहे, ही गोष्टही या विस्मरणाला पोषक ठरली असावी.

देसाईंच्या दटावणीनंतर दादा मान तुकवतो, पण हरत नाही. तो अटी घालतो. दिवस उगवताच शेतावर जायचे, अकरापर्यंत पाणी पाजायचे, तिथूनच दप्तर घेऊन शाळेत, शाळा सुटली की तासभर गुरे चारायची. आणि शेतात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. मुलगा सर्व अटी कबूल करतो. तह झाला, पण तो दोन सैन्ये मैदानात उभी असताना झालेला तह आहे. ‘झोंबी’ या शब्दाचा अर्थ येथे उलगडतो. कोल्हापूर भागात तालमीच्या मातीचा वास लागलेला हा शब्द दोन अंगांच्या घट्ट भिडण्याला लावला जातो. एकट्याने झोंबी घेता येत नाही. शिवाय मराठीत वाराही झोंबतो, मिरचीही झोंबते आणि शब्दही झोंबतो. ज्याच्याशी भिडायचे त्याचा दाह अंगाला लागून राहतो, ही छटा शीर्षकात आहे. कादंबरीच्या भाषांतरित हिंदी अंशाला ‘जूझ’ हे नाव मिळाले. ते चुकीचे नाही. पण त्यात लढत उरते आणि दाह जातो.

शाळेत गेल्यावर जिद्दीची परीक्षा वेगळ्या पातळीवर सुरू होते. जुने सोबती वरच्या वर्गात गेलेले, आजूबाजूला लहान मुले, अंगावर धोतर आणि खांद्यावरचा पंचा, आणि तो पंचा ओढून टवाळी करणारा एक पोरगा. मुलाला वाटते, यापेक्षा शेत बरे. ज्या शाळेसाठी एवढे केले तीच नकोशी वाटण्याचा हा क्षण कादंबरीतील फार खरा क्षण आहे. प्रेरणादायी म्हणून केलेल्या वाचनात तोच पहिल्यांदा गळतो. पुढे गणिताचे मंत्री मास्तर, हुशार वसंत पाटील, त्याच्यासारखी वह्यापुस्तके नीट ठेवण्याची मुलाची धडपड, आणि मास्तरांनी ‘आनंदा’ अशी मारलेली हाक, यांतून त्याचे पाय वर्गात रुतू लागतात.

मग सौंदलगेकर मास्तर येतात. ते मराठी शिकवतात, कविता चालीवर म्हणतात, म्हणताना अभिनय करतात, यशवंत, बोरकर, तांबे यांच्यासारख्या कवींच्या आठवणी सांगतात. मुलाला कळते की कवी ही हाडामांसाची माणसे असतात. मास्तरांच्या दारात मालतीचा वेल आहे, त्यावर त्यांनी कविता केली आहे, आणि वेल व कविता दोन्ही मुलाने पाहिली आहेत. म्हणजे आपल्या शेतावर, गुरांवर, रानफुलांवरही कविता होऊ शकते. येथून कादंबरीतल्या इच्छेचा धातूच बदलतो. शिक्षणाचे गणित बाजूला पडते. ज्यातून नोकरी मिळणार नाही, पैसा मिळणार नाही, अशा गोष्टीच्या तो मागे लागतो. मराठीत याला ‘नाद’ असा शब्द आहे, आणि तो निंदेचा आहे. ‘नादी लागणे’ म्हणजे बिघडणे. पण नाद म्हणजे ध्वनीही. दारे धरताना, गुरांमागे हिंडताना मोठ्याने चाली म्हणणाऱ्या या मुलाच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येतात.

या ठिकाणी जिद्द आणि ध्यास यांतला फरक स्पष्ट होतो. जिद्दीला दादा लागतो. दादा नसता तर ती उभीच राहिली नसती. ध्यासाला दादा लागत नाही. पूर्वी एकटेपणाने जीव नकोसा होणाऱ्या मुलाला आता एकटेपणा हवासा वाटू लागतो, कारण एकटा असला की त्याला गाता येते, नाचता येते. दादाने शिक्षा म्हणून दिलेले शेत त्याच्या ध्यासाची जागा होते. बापाच्या अटीनेच मुलाला ती मोकळीक मिळाली, ही उपरोधाची गाठ यादवांनी कोठेही उकलून दाखवलेली नाही.

परंतु हा ध्यास निरुपद्रवी आहे असे मानण्याचे कारण नाही. घरातले दैन्य, भावंडे, आईचे मार खाणे, यांतून मुलाचे मन एका बाजूने सरकत जाते. ‘झोंबी’त आणि पुढील पुस्तकांत मुलगा जसजसा शिकतो तसतसे घर त्याला दुरून दिसू लागते. दुरून दिसल्यामुळेच ते लिहिता आले, हे खरे. पण ज्यांना सोडून तो निघाला त्यांच्या नजरेतून हा प्रवास कसा दिसला असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतो.

सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’शी तुलना केल्यास हे अधिक नीट कळते. पुढे औरंगाबादेत प्राध्यापक झालेल्या या लेखकाचे बालपण मराठवाड्यातले. आईवडिलांचे छत्र लवकर हरपलेले, आश्रय बहिणीच्या घरचा. पुस्तक सलग कादंबरीसारखे न बांधता सुट्या आठवणींतून उभे राहते. येथे मुलापुढे भिडायला दादा नाही. नाकारणारा एक चेहरा नसून सारे गाव थोडेथोडे नाकारते. म्हणून या पुस्तकातील शिक्षणाच्या ओढीला जिद्द हा शब्द पुरता लागू पडत नाही. ती तग धरण्याची गोष्ट अधिक आहे. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्यामुळे मराठवाड्यातल्या अशा मुलांच्या ओढीला पोहोचण्याचे एक ठिकाण मिळाले. यादवांच्या आनंदाला एक मास्तर पुरला. सोनकांबळ्यांच्या पिढीला संस्था लागली.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मधील संस्कृतच्या शिक्षणाविषयीचे लेखन हे तिसरे टोक. नागपूरच्या एका दलित मुलीला संस्कृतचा ध्यास लागतो. घरचा विरोध नाही. शाळेतले गोखले गुरुजी आपुलकीने शिकवतात. विरोध येतो तो कौतुकाच्या रूपाने. संस्कृत, आणि तेही या मुलीला, या आश्चर्यात तिला तिची जागा रोज नव्याने दाखवली जाते. एम.ए. झाल्यावरही नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर ती मिळाली तेव्हा कुमुद सोमकुवर या नावाला जे मिळाले नाही ते कुमुद पावडे या नावाला मिळाले, हे लेखिकेने कडवट स्वच्छपणे नोंदवले आहे. ध्यास पुरा होतो आणि त्याचे फळ नावाच्या पालटाला जाते. कादंबरीकाराला असा शेवट सुचला असता तर समीक्षकांनी तो रचलेला म्हटला असता.

पुढच्या काळात ध्यासाची कुमारकथा अधिक उघडपणे कुमारांची झाली. प्रकाश नारायण संत यांचा लंपन (‘वनवास’, १९९४) आणि मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’तला (२००४) आणीबाणीच्या काळातला नववीचा मुकुंद ही त्याची रूपे. दोघांपाशी वेड आहे, त्या वेडाची सूक्ष्म भाषा आहे. दोघांची घरे मात्र त्यांच्या वह्या-पुस्तकांना हरकत घेणारी नाहीत. शाळेत जाण्यासाठी त्यांना कट करावा लागला नाही, म्हणून त्यांच्या मनाला इतर गोष्टींसाठी अवकाश मिळाला. हा दोष नव्हे. वर्गीय वस्तुस्थिती आहे.

दरम्यान ‘झोंबी’ एका वेगळ्या वाटेने अखेर कुमारांपर्यंत पोहोचली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात तिचा अंश ‘जूझ’ या नावाने समाविष्ट झाला, आणि मराठीत प्रौढांच्या कपाटात राहिलेली ही कृती हिंदीतून सतरा वर्षांच्या वाचकाच्या दप्तरात गेली. निवड साक्षेपी आहे. गुऱ्हाळ आहे, देसाई आहेत, खोटे बोलणेही गाळलेले नाही. अंश थांबतो तो मात्र कवितेच्या आनंदापाशी. उत्तरार्धात दादा दिसत नाही. तो हरला असा समज होण्यास वाव राहतो. मूळ पुस्तकात तो हरत नाही. पाने उलटत जातात तसा तो पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि प्रत्येक इयत्तेच्या उंबऱ्यावर तीच झोंबी नव्याने घ्यावी लागते.

त्या अंशातच एक तपशील आहे. खिशात कागद-पेन्सिल नाही, अशा वेळी मुलगा काटकीने म्हशीच्या पाठीवर किंवा खड्याने दगडावर ओळी लिहितो, पाठ झाल्या की पुसून टाकतो. म्हैस चरत असते. ती दादाची असते, आणि संध्याकाळी ती चरून परत आली पाहिजे ही अटही दादाचीच.